माहजाँगचा डाव शेवटी अडकतो, पण बिघडतो सुरुवातीला

सहकारनगरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि गेल्या दिवाळीपासून त्या मोबाइलवर माहजाँगच्या जोड्या जुळवण्याचा खेळ खेळतात. खेळ त्यांना मनापासून आवडतो, परंतु बहुतेक डाव शेवटच्या दहा-बारा टाइल्सवर येऊन अडकतात आणि मग 'आपले नशीबच असे' म्हणत त्या फोन बाजूला ठेवतात. हा खेळ खरोखर नशिबाचा आहे का, तो निवांतपणे खेळता यावा म्हणून काय करावे, त्याने स्मरणशक्ती सुधारते या जाहिरातींत तथ्य किती आणि खऱ्या टाइल्सचा संच आणून घरी टेबलावर तो मांडता येईल का, अशा चार गोष्टी ताईंना जाणून घ्यायच्या आहेत. बाणेरच्या एका लहान गेम स्टुडिओत अशाच खेळांच्या मांडण्या तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते. बाकीच्या तिन्हींची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

हा खेळ जोड्या शोधण्याचा आहे असे वाटते, पण जोड्या शोधणे हा त्यातला सोपा भाग आहे. दिसत असलेल्या जोड्यांपैकी कोणती आत्ता उचलायची नाही, हे ठरवणे हा खरा खेळ. सासूबाईंचा डाव शेवटच्या दहा टाइल्सवर अडकलेला दिसतो, तरी तो बहुधा पहिल्या वीस-पंचवीस जोड्यांमध्येच कधीतरी बिघडलेला असतो. त्यात नशिबाचा वाटा आहे, पण लोक समजतात त्याहून तो बराच कमी आहे.

संच आधी नीट समजून घेऊ. एकूण १४४ टाइल्स असतात. ठिपके, बांबू आणि चिनी अक्षरे अशा तीन मालिका, प्रत्येकीत १ ते ९ आणि प्रत्येक टाइल चार वेळा, म्हणजे १०८. चार दिशांचे वारे चार-चार वेळा, म्हणजे १६. लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन ड्रॅगन चार-चार वेळा, म्हणजे १२. उरलेल्या आठांत चार फुले आणि चार ऋतू येतात. ही आठही चित्रे वेगवेगळी असतात, मात्र कोणतेही फूल कोणत्याही फुलाशी आणि कोणताही ऋतू कोणत्याही ऋतूशी जुळतो. नवख्या माणसाला हा अपवाद कोणी सांगत नाही आणि ती आठ चित्रे शेवटपर्यंत पटावर तशीच पडून राहतात. बांबूच्या मालिकेतील एकाच्या जागी पक्षी काढलेला असतो, तोही अनेकांना निराळी टाइल वाटतो. जुळणाऱ्या दोन-दोन टाइल्स उचलत सगळा पट रिकामा करायचा असतो. टाइल उचलण्याचा नियम एवढाच की तिच्यावर दुसरी टाइल नसावी आणि तिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी असावी.

चार जण खेळतात ते मूळ माहजाँग चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. पान उचलायचे, पान टाकायचे आणि हातात संच जुळवायचे, या अर्थाने ते आपल्या रमीला जवळचे आहे. एकट्याने जोड्या काढण्याचा हा खेळ मात्र संगणकावर जन्मला. जिम्नॅस्टिक्समधील अपघाताने शरीर लुळे पडलेल्या ब्रॉडी लॉकार्ड यांनी १९८१ मध्ये प्लेटो या संगणकप्रणालीवर तो तयार केला, आणि त्याचे काम त्यांनी तोंडात धरलेल्या काठीने केले. १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने तो 'शांघाय' या नावाने बाजारात आणला आणि १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एंटरटेनमेंट पॅकमध्ये 'ताइपेइ' म्हणून तो विंडोजवर पोहोचला. आपल्याकडे पुष्कळांनी तो प्रथम पाहिला तो विंडोज व्हिस्टा किंवा विंडोज ७ च्या संगणकावर, 'माहजाँग टायटन्स' या नावाने. तेव्हा 'हजारो वर्षांचे प्राचीन चिनी कोडे' असे एखाद्या ॲपवर लिहिलेले दिसले तर तिकडे दुर्लक्ष करावे.

आता मुख्य मुद्दा. फुले आणि ऋतू सोडले तर प्रत्येक चिन्हाच्या चार टाइल्स असतात, म्हणजे त्यांच्या दोन जोड्या व्हायच्या असतात आणि त्या तीन प्रकारे होऊ शकतात. चारही टाइल्स एकाच वेळी मोकळ्या असतील तर चारही उचलाव्यात, त्यात काही बिघडत नाही. चारांपैकी दोन आधीच गेल्या असतील आणि उरलेल्या दोन मोकळ्या झाल्या असतील, तर त्याही निर्धास्तपणे उचलाव्यात. दोनच मोकळ्या असतील आणि बाकीच्या दोन कुठे आहेत याचा पत्ता नसेल, तर थोडे थांबून दुसरी एखादी जोडी आहे का ते पाहावे. खरा पेच येतो तो तीन मोकळ्या असताना. कोणत्या दोन घ्यायच्या आणि कोणती एक ठेवायची, हा निर्णय तिथे घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी बहुतेक लोक निर्णय घेतच नाहीत. ज्या दोन आधी दिसल्या त्या उचलतात.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. नव्या मांडण्या बाहेर पडण्याआधी कोथरूडच्या एका विरंगुळा केंद्रात येणाऱ्या आजी-आजोबांकडून आम्ही त्या खेळवून घेतो. तिथे सातत्याने दिसते ते असे की हात आधी कडेच्या टाइल्सकडे जातो. कडेच्या टाइल्स सुट्या आणि ठळक दिसतात. मधला ढीग गिचमिड वाटतो, म्हणून तो 'नंतर बघू' म्हणून राहतो आणि शेवटी तोच गळ्याशी येतो. तरुण मंडळी काही वेगळे करतात असेही नाही. ती हीच चूक अधिक वेगाने करतात, एवढेच.

सर्वांत प्रचलित मांडणी कासवाची. तिच्यात पाच थर असतात: तळाला ८७ टाइल्स, त्यावर ३६, मग १६, मग ४ आणि अगदी वर एक. डाव सुरू होताना यातल्या फक्त ३५ टाइल्स मोकळ्या असतात, पण त्या ३५ टाइल्सची किंमत सारखी नसते. तळाच्या थरात पटाच्या वरच्या कडेला असलेल्या लांब ओळीच्या टोकाची टाइल काढली तर तिच्या शेजारची एकच मोकळी होते. शिखरावरची एकटी टाइल काढली तर खालच्या चारही एकदम मोकळ्या होतात. डाव्या बाजूला एकटी बाहेर आलेली टाइल काढली की मधल्या दोन लांब ओळींची डावी टोके उघडतात. उजवीकडे अशा दोन टाइल्स एकापुढे एक असतात आणि त्या दोन्ही गेल्याशिवाय त्याच दोन ओळींची उजवी टोके खुली होत नाहीत. म्हणून शिखर, डावी एकटी आणि उजवीकडच्या दोन, अशा चार टाइल्सच्या जोडीदारांवर पहिल्यापासून नजर ठेवावी, आणि ते जोडीदार दुसऱ्याच एखाद्या जोडीत खर्च होऊ देऊ नयेत. समजा शिखरावर बांबूची पाच आहे, डाव्या टोकाला आणखी एक पाच आहे आणि तिसरी पटाच्या वरच्या कडेच्या लांब ओळीच्या टोकाला आहे. इथे शिखर आणि डावे टोक ही जोडी घ्यावी. कडेची पाच जागच्या जागी थांबली तरी तिच्यामुळे फारसे काही अडत नाही.

मात्र पटाच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या बारा-बारा टाइल्सच्या ओळी अगदीच विसरूनही चालत नाही. त्यांच्यावर थर नसल्यामुळे त्या निरुपद्रवी वाटतात, पण त्या फक्त दोन टोकांकडूनच उघडतात आणि मधल्या टाइल्सपर्यंत पोहोचायला कोणत्या तरी एका बाजूने पाच काढाव्या लागतात. ढीग उपसून झाला आणि या दोन ओळी जवळजवळ अखंड राहिल्या, की डाव गेलाच म्हणून समजावे. मध्यापर्यंत येईतो या ओळी निम्म्या तरी कमी झालेल्या असाव्यात, हा माझा ठोकताळा आहे.

गाठ कशी पडते ते एका लहान उदाहरणाने सांगते. एका जागी वर लाल ड्रॅगन आणि त्याच्याखाली उत्तरेचा वारा आहे. दुसऱ्या जागी नेमके उलटे, वर उत्तरेचा वारा आणि खाली लाल ड्रॅगन. दोन्ही चिन्हांच्या उरलेल्या दोन-दोन टाइल्स आधीच परस्परांशी जुळवून काढून टाकलेल्या आहेत. आता वरच्या लाल ड्रॅगनचा जोडीदार उत्तरेच्या वाऱ्याखाली आहे आणि त्या वाऱ्याचा जोडीदार लाल ड्रॅगनखाली. पटावर बाकी काही नसले तरी ही गाठ सुटत नाही. यातला एखादाच बाहेरचा लाल ड्रॅगन पहिल्या ढिगाच्या माथ्यावरच्या ड्रॅगनशी जुळवला असता, तर खालचा वारा मोकळा होऊन दुसऱ्या ढिगावरच्या वाऱ्याशी जुळला असता आणि सगळे सरळ झाले असते. सासूबाईंच्या शेवटच्या दहा-बारा टाइल्स नीट पाहिल्या तर याच जातीची एखादी गाठ तिथे दिसेल. एखाद्या टाइलखाली तिचेच जुळे दबलेले असणे हा याच गाठीचा आणखी साधा प्रकार आहे. अशी वरची टाइल बाहेरच्या जोडीदाराशी लवकरात लवकर जुळवून टाकावी. ती शेवटच्या जोडीसाठी राखली तर डाव तिथेच संपतो.

खाली काय दबले आहे ते आधी दिसत नाही, हे खरे. नशिबाचा वाटा आहे तो इथेच. टाइल्स कशाही पिसून कासवाची मांडणी केली, तर सुमारे ३ टक्के डाव असे निघतात की सगळ्या टाइल्स कुठे आहेत हे ठाऊक असूनही ते सुटत नाहीत. उरलेले सुमारे ९७ टक्के सुटू शकतात, पण सुटू शकणे आणि न पाहता खेळणाऱ्याला ते सुटणे यांत पुष्कळ अंतर आहे. सर्व टाइल्स उघड्या असल्या तरी दिलेला डाव सुटेल की नाही हे ठरवणे संगणकासाठीही सर्वसाधारणपणे अवघड आहे. गणितात ज्यांना एनपी-कम्प्लीट म्हणतात अशा प्रश्नांत ते मोडते. सासूबाईंना एवढे जरूर सांगावे.

नीट तयार केलेल्या खेळात हे ३ टक्केही येत नाहीत, कारण मांडणी सुटण्याच्या क्रमानेच भरली जाते. सर्व टाइल्स कोऱ्या धरायच्या, मोकळ्या असलेल्या कोणत्याही दोन निवडून त्यांना एकच चिन्ह द्यायचे आणि त्या काढल्या असे मानायचे. असे करत ७२ जोड्या संपल्या की निदान एक उत्तर नक्की असलेला डाव तयार होतो. निदान एक, हे ध्यानात ठेवावे. त्या वाटेवरून खेळणारा घसरू शकतो आणि डाव कठीण करायचा असेल तर आम्ही ती घसरण मुद्दाम पेरतो. एकाच चिन्हाच्या दोन जोड्या अशा जागी ठेवतो की चारांपैकी तीन एकाच सुमारास मोकळ्या दिसाव्यात. डाव सोपा करायचा असेल तर चारही जवळपास एकदम मोकळ्या होतील अशा ठेवतो. लेव्हल 'कठीण' आहे असे खेळात लिहिलेले असते, तेव्हा टाइल्सच्या संख्येपेक्षा या पेरणीचा भाग त्यात मोठा असतो.

यावरून 'हिंट' आणि 'शफल' या दोन बटणांबद्दल सांगायला हवे. बहुतेक साध्या खेळांतील हिंट सापडेल ती जोडी दाखवते. ती जोडी उचलणे शहाणपणाचे आहे की नाही याचा विचार ती करत नाही. वारंवार हिंट घेऊन खेळणाऱ्याचा डाव म्हणूनच अधिक अडकतो. शफल केल्यावर उरलेल्या जागांवरची चिन्हे आपापसांत बदलतात, पण जागा तशाच राहतात. उरलेल्या दोनच टाइल्स एकीवर एक असतील तर कितीही शफल करा, उपयोग नाही. खरी कामाची सोय आहे ती 'अन्डू', म्हणजे उचललेली जोडी परत ठेवण्याची. ज्या खेळात अन्डू कितीही वेळा आणि जाहिरात न पाहता करता येतो तोच निवडावा. तीन टाइल्सच्या पेचात एक निवड करून पाहावी, खाली काय निघते ते बघावे आणि पटले नाही तर मागे यावे. यात काही लबाडी नाही. घरी एकट्याने विरंगुळ्यासाठी खेळताना ही मोकळीक घ्यायलाच हवी, आणि सासूबाईंचा खेळ त्यानेच सर्वांत जास्त सुधारेल.

निवांतपणाचा निम्मा भाग पडद्यावर अवलंबून आहे. कासवाची मांडणी पंधरा टाइल्स रुंद असते. मोबाइल उभा धरला तर पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका टाइलला पाच मिलिमीटरही मिळत नाहीत. फोन आडवा केला की तीच टाइल सुमारे एक सेंटिमीटरची होते, आणि दहा इंची टॅबवर त्याहूनही मोठी. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यांना हा फरक फार मोठा वाटतो. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-हिरव्यातला भेद कळेनासा होतो, म्हणून केवळ रंगाने ओळखायच्या टाइल्स टाळाव्यात. चिनी अंकांत सहा आणि आठ, किंवा दोन आणि तीन यांची गफलत सर्रास होते. टाइलच्या कोपऱ्यात नेहमीचा आकडा छापलेला संच बहुतेक चांगल्या खेळांत निवडता येतो, तो निवडावा. घड्याळ आणि गुण बंद करावेत. अडकलेल्या टाइल्स मंद दाखवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. फोनवर पैसे भरून नाणी घेण्याची सोय असतेच, तिला पासवर्ड लावून ठेवावा. घरी संगणक असेल आणि त्यावर लिनक्स असेल तर केमाहजाँग आणि ग्नोम माहजाँग हे दोन्ही खेळ फुकट आहेत आणि त्यांत जाहिराती नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. माहजाँगसारख्या टाइल्स दाखवणारे हल्लीचे बरेच खेळ निराळेच असतात. त्यांत एकसारख्या तीन टाइल्स उचलून तळाच्या पट्टीत जमवायच्या असतात आणि पट्टीतल्या जागा, बहुधा सात, भरल्या की डाव संपतो. तो खेळ वाईट नाही, पण त्याचा ताण वेगळा आहे आणि वर सांगितलेले डावपेच तिथे चालत नाहीत. सासूबाईंच्या फोनवर नेमके काय आहे ते ताईंनी एकदा पाहून घ्यावे.

स्मरणशक्तीबद्दल थोडक्यात सांगते. पत्ते पालथे ठेवून जोड्या लक्षात ठेवण्याच्या खेळात स्मरणाचा कस लागतो. इथे समोरच्या टाइल्स उघड्याच असतात, त्यामुळे काम पडते ते नजरेने शोधण्याचे आणि पुढचा विचार करण्याचे. रोज खेळणारा या खेळात तरबेज होतो, पण म्हणून त्याला किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवू लागेल असे मानायला आधार नाही. असे दावे करणाऱ्या ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी जाब विचारला आणि २०१६ मध्ये तिने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. सासूबाईंना खेळताना बरे वाटते, हे कारण पुरेसे आहे. विसरणे खरोखर वाढले आहे असे घरच्यांना जाणवत असेल, तर खेळावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटचा प्रश्न खऱ्या टाइल्सचा. संच घेताना त्यात फुले आणि ऋतू आहेत याची खात्री करावी, नाहीतर १३६ टाइल्स मिळतात आणि कासव पुरे होत नाही. मात्र संच आणला तरी कासव टेबलावर मांडण्याच्या फंदात पडू नये. पाच थर हाताने रचायला बराच वेळ लागतो, एक टाइल काढताना शेजारच्या हलतात, आणि पिसून मांडल्यामुळे न सुटणारे ३ टक्के डावही इथे परत येतात. त्याऐवजी फक्त ठिपके आणि बांबू या दोन मालिका घ्याव्यात, म्हणजे चिनी अंक वाचण्याचा त्रासही वाचतो. या ७२ टाइल्स पालथ्या घालून पिसाव्यात, उताण्या करून दोन-दोनच्या ३६ चळती कराव्यात आणि चळतींमध्ये बोटभर अंतर ठेवावे. अंतर असल्यामुळे शेजारच्या चळतीची अडचण उरत नाही आणि वरची प्रत्येक टाइल मोकळीच असते. प्रत्येक चिन्हाच्या चारही टाइल्स असलेल्या अशा दुमजली, सुट्या चळतींची मांडणी कशीही पिसली तरी तिला उत्तर असतेच, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. तरीही खालची टाइल झाकलेली असल्याने तीनांतून दोन निवडण्याचा पेच कायम राहतो. डाव अडला तर सासूबाईंनी उरलेल्या चळतींच्या वरच्या टाइल्स उचलून खाली डोकवावे, काढलेल्या शेवटच्या दोन-तीन जोड्या जागेवर ठेवाव्यात आणि तिथून पुन्हा खेळावे. त्यासाठी काढलेल्या जोड्या डब्यात न टाकता टेबलाच्या कडेला क्रमाने लावत जाव्यात आणि कोणती टाइल कोणत्या चळतीवरून उचलली ते ध्यानात ठेवावे.